तिथं ओरडायचं नाही

भीती वाटली की माणसाची बोबडी वळते म्हणतात. माझं उलटं आहे. मला भीती वाटली की माझा आवाज वाढतो. तरुणपणी मी कोल्हापुरात पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघात गोलकीपर होतो आणि माझं ओरडणं मैदानाबाहेरच्या भेळवाल्याला ऐकू जायचं. लोक म्हणायचे, गड्यात काय डेरिंग आहे! डेरिंग कसलं डोंबलाचं. समोरून दोघं बॉल घेऊन सुटले की माझ्या पोटात गोळा यायचा आणि तो तोंडावाटेच बाहेर पडायचा. "डावीकडं बघ! तुझ्या मागं हाय! सोडू नको त्याला!" गोलकीपरला सगळं मैदान दिसतं, पण जागा सोडून पळता येत नाही. म्हणून तो ओरडतो.

पुढं कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत मशीन शॉपमध्ये कामाला लागलो. तिथं शेजारच्या माणसाला पाना मागायचा तरी बोंब मारावी लागते. त्यामुळं हळू बोलायची सवय मला जन्मात लागली नाही. घरी आमटीत मीठ कमी पडलंय हे मी बायकोला सांगितलं की गल्लीच्या तोंडाला राहणाऱ्यांनाही कळतं.

याच आवाजात माझी मुलगी वाढली. बारावीला असताना ती मोबाईलवर एक खेळ खेळायची. पाच जण एका बाजूला, पाच दुसऱ्या बाजूला. मध्ये जंगल, नदी, वाटा. आपला तळ राखायचा, समोरच्यांचा फोडायचा. मी आधी खूप आदळआपट केली. बारावीचं वर्ष आहे, डोळे जातील, बोटं जातील, जे बाप म्हणतात ते सगळं म्हणून झालं. मग एकदा संध्याकाळी कामावरून आलो आणि तिच्या खोलीच्या दारात डबा हातात घेऊन उभाच राहिलो. आत पोरगी ओरडत होती, "डावीकडं बघ! तुझ्या मागं हाय! सोडू नको त्याला!"

या खेळात प्रत्येकाला फक्त आपल्या आजूबाजूचं दिसतं. म्हणून पाचांतल्या एकानं सगळा नकाशा डोक्यात ठेवून सतत बोलत राहायचं असतं. कुणी पुढं जायचं, कुणी मागं फिरायचं, कुणी दबा धरून बसायचं. ते बोलायचं काम तिच्याकडं होतं. त्यानंतर मी खेळाविरुद्ध अवाक्षर काढलं नाही.

तिचे चारही साथीदार आमच्याच भागातले. दोघं कोल्हापूरचे, एक राधानगरीकडचा, आणि एक इचलकरंजीचा. इचलकरंजीच्या पोराच्या घराला लागूनच यंत्रमागाची शेड होती, त्यामुळं तोही माझ्याच जातकुळीतला, हळू बोलणं म्हणजे काय ते ठाऊक नसलेला. समोरच्या संघाला ही पोरं 'पावणं' म्हणायची. "वरच्या वाटंनं पावणं आल्यात, बघा!" त्यांना शिकवायला पुण्याचा एक तरुण मुलगा यायचा. पहिल्या दिवशी तो मला बाजूला घेऊन म्हणाला होता, "काका, यांची आपसात भांडणं आहेत का?" मी म्हटलं, "न्हाय ओ. हे प्रेमानं चाललंय."

कानावर हेडफोन असले की तिला घरातलं काही ऐकू यायचं नाही. म्हणून मी कामावरून येताना फाटकातूनच हाळी द्यायचो, "जेवलीस काय गंऽऽ?" आणि आतून उत्तर यायचं, "व्हऽऽय!" नाहीतर "न्हाऽऽय!" हे रोजचंच होतं. पण त्यात एक गोम होती. माझी मुलगी घाबरली की सगळ्यात आधी तिचं जेवण बंद होतं. लहानपणापासून हेच. परीक्षेच्या सकाळी ताट जसंच्या तसं राहायचं. "घाबरलीस काय?" विचारलं की "हॅट" म्हणायची. "जेवलीस काय?" विचारलं की खरं सांगायची. म्हणून आमच्या घरात तेच विचारायची पद्धत पडली.

देशपातळीच्या अंतिम फेरीला ती पहिल्यांदा माणसांनी भरलेल्या सभागृहात खेळली. तोवर सगळं घरात बसून चालायचं. तिथं मध्येच तिचा आवाज बंद झाला. खेळत होती, बोटं चालत होती, पण तोंडातून शब्द नाही. बाकीच्या चौघांनी कसंबसं रेटलं आणि नशिबानं ते जिंकले. परत येताना ती मला म्हणाली, "पप्पा, गळाच धरला कुणीतरी. मला सगळं दिसत हुतं. सांगाय येईना झालं." मी हसून तिच्या पाठीवर थाप मारली. रात्री मात्र माझाच डोळा लागला नाही. कारण मला माझी भीती ओळखीची होती. तिची वेगळी होती, आणि तिच्यावर काय औषध करायचं ते मला माहीत नव्हतं.

त्या जिंकण्यानं त्यांना आंतरराष्ट्रीय स्पर्धेचं दार उघडलं. स्पर्धा मलेशियात होती. पुण्याच्या मुलानं सगळ्यांसमोर स्पष्ट सांगितलं की संघाबरोबर सहावी खेळाडू येईल, आणि हिचा आवाज पुन्हा बसला तर बोलायचं काम त्या मुलीकडं जाईल, कायमचं. त्याचं काही चुकलं नव्हतं. मुलीनंही मान डोलावली. घरी आल्यावर मात्र माठाजवळ उभी राहून मला म्हणाली, "पप्पा, बोलणंच गेलं तर माझं काय राह्यलं ह्यात? नुसती बोटं हलवाय मी कशाला जाऊ?"

ती अठराच्या आतली, म्हणून पालकानं बरोबर जाणं सक्तीचं होतं. बायको शाळेत शिकवते, तिला परीक्षांमुळं रजा मिळेना. मग मीच निघालो. आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसलो, पण त्याची भीती वाटायलासुद्धा मला सवड नव्हती. पुण्याच्या मुलानं दुसरंच भूत माझ्या मानगुटीवर बसवलं होतं.

"काका, तिथं ओरडायचं नाही," तो कोल्हापुरात म्हणाला होता. विमानतळावर पुन्हा म्हणाला. सभागृहाच्या दारात त्यानं माझा हातच धरला. "प्रेक्षकांतून कुणी खेळाडूला काही सांगितलं तर संघ बाद होतो. आपली फुटबॉलची मॅच नाहीये ही."

"टाळ्या चालतात?"

"टाळ्या चालतात."

"आणि शिट्टी?"

"काका, प्लीज."

मी खिशातला रुमाल काढून हातात धरला. वेळ आलीच तर तोंडात कोंबायचा, असं ठरवलं होतं.

त्या सकाळी हॉटेलात तिच्या पुढ्यात सगळं होतं. पाव, अंडी, भात, कापलेली फळं. ती चमचा फिरवत राहिली. मी विचारलं, "जेवलीस काय?" तर तिनं एक केळं उचलून पिशवीत टाकलं आणि म्हणाली, "खाते नंतर." म्हणजे न्हायच.

सभागृह एवढं मोठं होतं की आमच्या पेठेतली सगळी माणसं आत बसवून वर जागा उरली असती. पुढं मंचावर दोन लांब टेबलं. एकीकडं आमची पाच पोरं, दुसरीकडं पावणं, सगळ्यांच्या कानांवर मोठाले हेडफोन. वर भिंतीएवढ्या पडद्यावर खेळ दिसायचा आणि मधूनमधून खेळाडूंचे चेहरे. तीन डावांचा सामना होता. दोन डाव जिंकेल तो पुढं, हरेल तो घरी.

मी खेळ बघितलाच नाही. मी फक्त तिचे ओठ बघत होतो. पहिल्या डावात सुरुवातीला हलले. मग थांबून थांबून हलायला लागले. मग बंद. पडद्यावर तिचा चेहरा आला तेव्हा तो धुतल्यासारखा पांढरा दिसत होता. बाकीचे चौघं एकमेकांवर ओरडत होते, कुणाचा मेळ कुणाला नव्हता. पावण्यांनी आमचा तळ फोडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या, कारण हातांना दुसरं काहीतरी काम हवं होतं.

दोन डावांच्या मध्ये पुण्याचा मुलगा मंचावर गेला आणि तिच्या कानाशी वाकला. खाली कडेला बसलेल्या सहाव्या मुलीनं अंगातलं जॅकेट काढून खुर्चीवर ठेवलं. बिचारी वाईट नव्हती, पण त्या जॅकेटकडं बघून मला कुणीतरी पायाखालची फळी ओढल्यागत झालं.

दुसरा डाव सुरू झाला. चार शब्द बोलली असेल. पुन्हा ओठ मिटले. इचलकरंजीच्या पोरानं हात वर केला, तिचं काही ऐकू येत नाही अशी खूण केली. पंचांना वाटलं माईक बिघडलाय. त्यांनी खेळ थांबवला. दोन माणसं तिच्या वायरी तपासायला आली आणि तिनं हेडफोन काढून टेबलावर ठेवले. माईकला काही झालं नव्हतं. हे त्या एवढ्या मोठ्या सभागृहात फक्त संघातल्या पोरांना, पुण्याच्या मुलाला आणि मला माहीत होतं. सगळीकडं शांतता पसरली. ती खुर्ची फिरवून, आमच्याकडं पाठ करून, मान खाली घालून बसली होती, आणि तिचे खांदे कानांपर्यंत वर चढले होते.

मी ओरडायचं ठरवलं नव्हतं. रुमाल हातातच होता. पण मी उभा कधी राहिलो ते मला कळलं नाही, आणि फाटकातून द्यायचो तीच हाळी निघून गेली.

"जेवलीस काय गंऽऽ?"

तिची पाठ सरळ झाली. मागं वळून न बघता, माईक नसताना, शेवटच्या रांगेपर्यंत जाईल असा आवाज आला.

"न्हाऽऽय!"

लोक हसले. कुणी टाळ्याही वाजवल्या. मग मी काय करून बसलोय ते माझ्या ध्यानात आलं आणि माझं धाबं दणाणलं. निळ्या जॅकेटातली दोन माणसं रांगेतून वाट काढत माझ्याकडंच येत होती.

मला मागच्या एका खोलीत नेलं. टेबल, खुर्च्या, पाण्याच्या बाटल्या. समोर एक अधिकारी बाई बसल्या, चेहरा आमच्या कंपनीतल्या तपासणीला येणाऱ्या साहेबांसारखा. माझं म्हणणं सांगायला पुण्याच्या मुलाला बोलावलं. तो यायच्या आतच मी सुरू केलं होतं, "फूड, मॅडम. डॉटर. ईट. आस्क." त्यानं नंतर नीट इंग्रजीत सांगितलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी शांतपणे काहीतरी सांगितलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"काका, सामना पुढं चालू राहील," तो म्हणाला. "संपला की त्या हिला वेगळं बोलावून विचारणार आहेत, वडील काय म्हणाले. तिचं आणि तुमचं उत्तर जुळलं तर ठीक. नाही जुळलं तर संघ बाद. जिंकला असला तरी बाद."

मी मोबाईल टेबलावर ठेवायचा होता आणि तिथंच बसायचं होतं. तो मंचाकडं पळाला. जाताना दार तेवढं हळू ओढून घेतलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

एवढा मी जन्मात कधी घाबरलो नाही. तुम्ही म्हणाल, खरं सांगायचंय, त्यात काय भ्यायचं? पण मी माझ्या पोरीला ओळखत होतो. नववीत असताना तिनं मला सांगितलं होतं, "पप्पा, शाळेच्या दारात हाका मारू नका, सगळी बघत्यात." आदल्याच दिवशी कॅमेऱ्यासमोर कुणी विचारलं, वडील काय करतात, तर "इंजिनिअरिंगमध्ये आहेत" म्हणाली होती. ते ऐकून मला बरं वाटलं होतं आणि थोडं टोचलंही होतं. आता जगभरातल्या पोरांसमोर, असल्या कडक बाईंपुढं, सतरा वर्षांची मुलगी सांगेल का, की माझा बाप भर सभागृहात उभा राहून मला जेवलीस का विचारत होता? ती म्हणेल, 'ऑल द बेस्ट' म्हणाले. बापाची अब्रू राखायला म्हणेल. चांगल्या मनानं म्हणेल. आणि तिच्या त्या एका शब्दानं चार पोरांची सगळी मेहनत मातीत जाईल. करायला गेलो एक आणि झालं भलतंच.

भिंतीपलीकडून सभागृहाचा आवाज यायचा. एकदम गलका उठायचा, मग ओसरायचा. कुणासाठी उठला ते कळायला मार्ग नव्हता. ती बोलत होती का? की सहावी मुलगी तिच्या खुर्चीत बसली होती? मी अधिकारी बाईंच्या तोंडाकडं बघितलं. त्या कागद वाचत होत्या. मी पाण्याची बाटली उघडली आणि झाकण हातातून पडलं ते घरंगळत त्यांच्या पायापाशी गेलं. त्यांनी ते उचलून माझ्यापुढं ठेवलं आणि पुन्हा वाचू लागल्या.

बऱ्याच वेळानं टेबलावरचा मोबाईल थरथरायला लागला. पडद्यावर 'घर'. मला उचलायची परवानगी नव्हती. बंद झाला, पुन्हा थरथरला, पुन्हा. मला आधी कळेना, मग उजेड पडला. बाहेरून कुणी मदत करू नये म्हणून घरच्या टीव्हीवर हा सामना मुद्दाम चांगला उशिरा दाखवतात. म्हणजे माझी हाळी आत्ता कुठं कोल्हापुरात पोचली होती. आमच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, गल्लीतली निम्मी माणसं जमली असणार, आणि त्या सगळ्यांनी आत्ता मला ऐकलं होतं. मी डोकं हातात धरलं.

पुढं एक फार मोठा गलका उठला आणि तो लवकर थांबेना. बाई उठून बाहेर गेल्या. सामना संपला होता. आता त्या तिला विचारत असतील, एवढंच माझ्या डोक्यात होतं. कोण जिंकलं हा विचार मनात आला नाही, खरंच सांगतो. खरं सांग बाळा, एवढंच मी म्हणत होतो. तेही ओठांतल्या ओठांत. आवाज फुटत नव्हता. पोरीचा गळा कसा धरत असेल ते मला तेव्हा कळलं.

दार उघडलं. आधी बाई आल्या, मागून पुण्याचा मुलगा, आणि त्याच्या मागं माझी मुलगी. बाईंनी माझ्याकडं बघून मान हलवली आणि मोबाईल माझ्याकडं सरकवला.

"जुळलं, काका," तो म्हणाला आणि धपकन खुर्चीत बसला. "मॅडमनी विचारलं, वडील काय म्हणाले. ही म्हणाली, जेवलीस का विचारलं, मी नाही म्हणून सांगितलं. त्यांनी विचारलं, हे मध्येच कशाला? तर म्हणाली, मी घाबरले की जेवत नाही, ते पप्पांना माहीत आहे, म्हणून ते रोज विचारतात. त्यांनी दोनदा बोलून घेतलं तिच्याकडून. आवाजच कळेना."

"आवाजाला काय झालं?" मी विचारलं.

मुलीनं तोंड उघडलं. आतून नुसती खरखर आली. "हरलो, पप्पा," ती म्हणाली असावी. दुसरा डाव त्यांनी घेतला होता, तिसरा अगदी थोडक्यात गेला होता. हे मला पुण्याच्या मुलानं सांगितलं. मी तिच्याकडंच बघत होतो. तिचा गळा पार बसला होता. तालमीच्या मॅचनंतर माझा बसायचा, अगदी तसा.

मोबाईल पुन्हा थरथरला. मी उचलला. पलीकडून आमच्या सोप्यातला सगळा गोंगाट आणि त्यावर बायकोचा आवाज.

"अवो, बघालाय न्हवं? तुम्ही वरडला त्यो डाव जिंकला की! आता तिसरा चाललाय. पोरगीचं तोंड बंदच होईना झालंय! समद्यास्नी नुसती दामटालीया!"

तिकडं तिसरा डाव अजून संपायचा होता. इकडं माझी मुलगी माझ्यासमोर उभी होती, मोकळ्या हातांनी, डोळे लाल.

"कोण जिंकालंय?" मी विचारलं. बायकोला आत्ताच काही सांगायला माझी जीभ वळेना.

"त्ये मला काय कळत न्हाय," बायको म्हणाली. "पर बोलालीया की वो! नुसती बोलालीया!"

माझी बाही कुणीतरी ओढली. मुलगी काहीतरी सांगत होती. मला ऐकू येईना, म्हणून मी मोबाईल खाली घेतला आणि कान तिच्या तोंडाशी नेला.

"पप्पा," ती म्हणाली, "भूक लागलीया."